दुतोंड्यापाशी तांडेल

बाबा आले पहाटेच्या देवगड गाडीनं.
हातात पिशवी, पिशवीत सुके बांगडे,
सात कागदांत गुंडाळलेले.
तरी भांडीबाजारात शिरताना
सराफांचं मांजर मागे लागलंच.

चहा पिऊन म्हणाले, चल, तुजां गाव दाखव.
बावीस वर्षं झाली मला इथं.
‘तुझं गाव’ असं
आजच म्हणाले.

तांबट आळीतून नेलं.
सासरे सांगायचे, दिवसाला शंभर हातोडे पडायचे,
बोलायचं तर गच्चीवर जावं लागे.
आता चार. त्यातला एक आमच्या घरचा.
बाबा थांबले, मान तिरकी करून ऐकलं:
होडयेक खिळे मारतत, तसोच.
हंड्याला हात लावून बघितला,
बुडाकडून, जिथं गळती आधी सुरू होते.

दुकानाच्या भिंतीवर रेघा आहेत.
एकोणसत्तरची, सासऱ्यांनी खिळ्यानं कोरलेली,
माझ्या डोक्याच्या हातभर वर.
दोन हजार आठची माझी.
लिपस्टिकनं ओढलेली,
कारण घरात तेवढंच कोरडं होतं.
बाबांनी दोन्हींवरून बोट फिरवलं.
भरती, म्हणाले. पण ओहोटीची खूण खंय?
ओहोटी आम्ही खराट्यानं काढतो, बाबा,
आठ दिवस.

मग गंगेवर.
बुधवार होता, मेथीचे ढीग, वाटाण्याची पोती,
लसणाच्या माळा गळ्यात घातलेली म्हातारी,
छत्रीखाली वह्या उघडून बसलेले गुरुजी,
मुंडण झालेली मुलं एकमेकांच्या डोक्याला हात लावून बघत.
फुलवाल्या रंजनाचा धाकटा
दोरीला चुंबक बांधून कुंडात फेकत होता,
दोन रुपये, एक रुपया, किल्ली.
बाबा त्याच्याजवळ उकिडवे बसले.
ह्यो खरो पागी, म्हणाले,
आणि मनगट कसं सोडायचं ते त्याला दाखवलं.
दुसऱ्याच फेकीला पाच रुपये.
पोरगं बाबांच्या पाया पडलं.

नारोशंकराची घंटा वर दाखवली:
वसईहून आणलेली म्हणतात, फिरंग्यांची.
म्हणजे आमच्या बाजूची,
कपाळावर हात धरून ते बघत राहिले,
गावचं माणूस परमुलखात भेटावं तसे.

दुतोंड्या मारुतीला मात्र हात जोडायच्या आधी
खालून वर मोजलं.
मी सांगितलं: पाणी गुडघ्याला, तर बाजार उठतो.
कंबरेला, तर आम्ही भांडी माळ्यावर चढवतो.
गळ्याला, तर भांडी सोडून आम्हीच चढतो.
देव नाय, बावटो हा तुमचो, म्हणाले,
मग चूक झाल्यासारखे कान पकडले
आणि नीट नमस्कार केला, दोन्ही तोंडांना, फिरून.

शेवटच्या पायरीवर बसून
ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, थुंकले.
अळणी.
ह्यां खंय जातां गे?
पूर्वेला, म्हटलं. पार त्या टोकाला, दुसऱ्या समुद्रात.
आणि येतां खंयसून?
त्र्यंबकच्या डोंगरातून.
थंयसून आपलो दर्या किती?
तीसेक कोस असेल.
बाबा बोटांवर काहीतरी मोजत होते.
तीस कोसांवर दर्या, आणि पाठ फिरवल्यान?
मी म्हटलं, उतार तिकडे होता, बाबा.
थंय तिचां कोण असा?

लसूणवालीनं तेवढ्यात मला हाक मारली,
वहिनी, पावशेर देऊ का, तुमच्यासाठी काढून ठेवलाय.
मग हातगाडीवाला, मग तो पुलाखालचा गोणपाटवाला,
मग रंजना: उद्या शेवंती येणार हो.
बाबा प्रत्येकाकडे बघत होते,
एक एक.

संध्याकाळी खिडक्या उघड्या टाकून
मी बांगडे तव्यावर टाकले.
समोरच्या सराफीणबाईंनी खिडकी लावली.
अर्ध्या तासानं मागच्या दारानं
त्यांची सून आली, पदराआड वाटी.
मांजर तिच्याही आधी बसलेलं.
खाली हातोडा थांबला होता.
बाबा विचारत होते,
त्या दुतोंड्याचो, पाण्याकडचो तोंड खंयचो?